चुलीवरचा भात

“चुलीवर भात ठेवलाय गो बाय, मी जाते,” म्हणत ती दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरून उठायची आणि गळ्यातल्या कागदी रुमालासकट चालू लागायची.

जासईहून पनवेलला यायचं, तेही भात चुलीवर ठेवून? पनवेलच्या करंजाड्यातल्या त्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर मी बसते आणि माणसांवर सहसा विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवला नसता. पन्नाशीची बाई, कंटेनर यार्डाच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करणारी. आत जाताना दार उघडं ठेवायला लावायची. बाहेर पुरुष किती बसलेत ते डोळ्यांनी टिपायची. डॉक्टर मॅडमनी खुर्ची मागे झुकवली, की हिला भात आठवायचा.

तीनदा असं झालं. मी फाइलवर पेन्सिलीने लिहिलं, ‘नाटकं’.

चौथ्यांदा आली तेव्हा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता.

“मावशी, आज पू काढला नाही तर जिवावर बेतेल,” मॅडम म्हणाल्या. “कशाची भीती वाटते?”

मी फाइल द्यायला आत आले होते; ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मी बाहेर जायला निघाले.

“ऱ्हाव दे तिला. बाईच हाय,” ती म्हणाली. “मी सतरा वर्सांची व्हते. शेजारच्या मानसानं आडवी पाडली, तोंड दाबून धरलं. तवापासून उताणं झोपवत नाय. तोंडाजवल कुनाचा हात आला का दम कोंडतो.”

मॅडमनी खुर्ची सरळ केली. “बसूनच करू. माझं मनगट धरा. नको वाटलं की ढकला.”

मनगट किती वेळा ढकललं गेलं, कोण जाणे. मध्येच तिने विचारलं, “तुमाला राग येत नाय का?”

“येतो. तुमच्यावर नाही.”

नंतर मॅडमनी मला एक्स-रे दाखवला. झोपेत इतकी वर्षं दात आवळून तिच्या दाढा सपाट झाल्या होत्या. मी गुपचूप फाइलवरचं खोडलं.

तीन खेपांत दाढ वाचली. त्या दाढेवर टोपी बसवायच्या दिवशी मात्र ती आली नाही. फाइलमधला नंबर नवऱ्याचा, घरात फोन तेवढाच. त्याला यातलं काहीच, ती दवाखान्यात येते हेही, माहीत नाही, हे तिने बजावलं होतं. आठवडाभर वाट बघून मी फोन लावला.

“कोन?” पुरुषाचा आवाज. मागे भांडी वाजत होती, ती एकदम थांबली. “कोन बोलतंय?”

“राँग नंबर,” मी म्हणाले.

टोपी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, इवल्याशा डबीत. दुसऱ्या कुणाच्याही दाढेवर ती बसणार नाही.