धाकटीच्या गाडीची बॅटरी

वडील भद्रावतीत माझ्याजवळ राहतात. आई गेल्यापासून त्यांचं जेवण, औषधं, डोळ्यांचे डॉक्टर, सगळं मीच पाहते. धाकटी बहीण सावली गावात असते, नोकरीला रोज गडचिरोलीला जाते. ती कधीमधी कार घेऊन येते. गाडी अंगणात शिरली की वडील तिला पाणी विचारायच्या आधी तिच्या गाडीचं बॉनेट उघडतात.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी ते घासून काढत, कोरडं पुसत, वर ग्रीसचं बोट फिरवत. झाकणं उघडून आतलं पाणी पाहत, कमी असलं तर डिस्टिल वॉटर घालत. बहीण पायरीवर बसून चिवडा खात असे. माझी गाडी तिथंच शेजारी उभी.

एकदा मी म्हटलं, "बाबा, माझ्याबी गाडीचं पाहून घ्या ना."

"तुले येते ना माय सगळं," ते वर न बघता म्हणाले. "तिले काईच समजत नाई."

येतच होतं मला. त्यांच्याच मागे उभी राहून शिकले होते. पण येतं म्हणून आपल्याकडे कुणी पाहायचंच नाही? मग मीही हट्टानं बॉनेट उघडणं सोडलं.

गेल्या हिवाळ्यात गाडी चालू व्हायला रोज जास्त वेळ घेऊ लागली. हॉर्नचा आवाज बसला. शेवटी एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं कट-कट, आणि समोरचे दिवे विझत आले. आवाज ऐकून वडील बाहेर आले, बॉनेट उघडून वाकले. मला इतकं बरं वाटलं, की मी शिकवते त्या शाळेला उशीर होतोय हेही विसरले.

"बॅटरीचं पोट फुगलं पाह्य," ते म्हणाले. "आता चार्ज करून काई होत नाई. बदलून टाक. छोटीची गाडी रोज गडचिरोलीले धावते, म्हणून टिकली. तुझी शाळेपर्यंत जाते, बाकी उभीच राह्यते."

तिथंही तीच पुढे.

शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून माझी चालू केली, शाळेत रजा कळवली आणि आम्ही दोघं चंद्रपूरला निघालो. किती दिवसांनी वडील माझ्या बाजूला बसले होते. दुकानात त्यांनी नव्या बॅटरीवरची तारीख वाचली, वॉरंटीचं कार्ड नीट खिशात ठेवलं, नट स्वतः हलवून पाहिले. मी चावी फिरवली, गाडी एका झटक्यात चालू झाली. त्यांचा चेहरा खुलला. आज हे सगळं माझ्यासाठी, असं मनात आलं तोच त्यांनी मोबाइल काढला.

"छोटे, तुझीबी बॅटरी जुनी झाली वं. बंद पडाची वाट नको पाहू. रविवारी ये, मी येतो तुह्यासंग दुकानात."

मी गियर टाकला.

"काऊन वं, गप्प काऊन झाली?" त्यांनी विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं, आणि भद्रावती येईपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिले.