काळी फुलदाणी करडी कशी झाली

बाळांनो, माझं पार्सल उघडाल तेव्हा खोक्यातून एक करड्या रंगाची फुलदाणी निघेल आणि तुम्ही म्हणाल, आजीने चुकीची पाठवली. चुकीची नाही. तुम्ही मागितली होती तीच आहे. खोकं पोहोचण्याआधी हे तुमच्या हाती पडावं म्हणून आज लिहायला बसले आहे. बसले म्हणजे पलंगावरच, पाठीशी उशा लावून.

सुटीत तुम्ही इथे भरे गावी यायचात, तेव्हा दुपारी दिवाणखान्याचे पडदे ओढून काचेच्या कपाटात टॉर्च मारायचात. बाकीच्या फुलदाण्या नुसत्या चमकायच्या. काळ्या धातूत चांदी ठोकून बसवलेली बिदरीची काळी मात्र नाहीशी व्हायची आणि तिच्यावरची चांदीची फुलं तेवढी हवेत तरंगायची. "आजी, ही आमची," असं तुम्ही दोघांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

या सगळ्या वस्तू मी आणि तुमच्या आजोबांनी मिळून जमवल्या. रविवारी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात जायचो. भाव ते करायचे, पारख माझ्याकडे. कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता मी लायब्ररीतून चिनी मातीवरची, काचेवरची जाड पुस्तकं आणून वाचत असे. पण खरं शिकले ते हाताळून. फुलदाणी हातात आली की आधी ती उलटी करायची. वरची बाजू सगळेच सजवतात, तळ कोणी सजवत नाही. चिनी मातीच्या तळाच्या कडेला झिलई नसते, तिथे बोट फिरवायचं. खरी झीज एका बाजूला जास्त असते, मुद्दाम घासलेली सगळीकडे सारखी. धातू असेल तर नखाने टिचकी मारायची. पितळ घुमतं. बिदरी मुख्यतः जस्ताची असते, ती बद्द वाजते.

त्या काळ्या फुलदाणीवरून आमचा वाद कधी मिटलाच नाही. आजोबा म्हणायचे, "ही मुळात फुलदाणी नाहीच. हुक्क्यात पाणी भरायचा गोल बुधला आहे. कुणीतरी साहेबाच्या टेबलासाठी वर गळा डकवलाय." मी म्हणायची, वेल पोटावरून गळ्यापर्यंत सलग गेली आहे, जोड असता तर दिसला असता. ते म्हणायचे, "काळ्यात काय दिसणार?" शेवटचा शब्द नेहमी माझा असायचा, कारण पुस्तकं मी वाचली होती.

आजोबा गेल्यावर मी एकटीच राहिले आणि या वर्षी पावसाळ्यात न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मी या खालच्या खोलीत आहे. खिडकीतून पूर्वी टेकडी दिसायची, आता समोरच्या इमारतीचा सांगाडा दिसतो. घराचं दार उघडायला मला उठता येत नाही, म्हणून सकाळची बाई जाताना बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे देते. या वहिनींच्या घराण्याकडूनच आम्ही ही जागा घेतली होती. एकदा मी आपली आपण उठायला गेले, तेव्हापासून त्यांनी माझा वॉकरसुद्धा भिंतीशी, हात पोहोचणार नाही असा ठेवला. माझ्या खोलीच्या उघड्या दारातून मला समोर दिवाणखान्यातलं कपाट दिसायचं. वहिनी हसायच्या, "तुमी हितं कुलपात, त्या तितं कुलपात. बसा येकमेकींकडं बगत!"

तुमच्या बाबांनी फोनवर सगळं ठरवलं. घर विकायचं, मी पुण्याकडच्या वृद्धाश्रमात जायचं. त्यांचं चुकत नाही, इथे मला कोण बघणार? तिथल्या खोलीत एक खाट आणि एक टेबल मावतं. कपाटातल्या वस्तू एक व्यापारी नेणार. मी सगळ्याला हो म्हटलं. आडव्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही. एवढंच मागितलं, की काळी फुलदाणी मुलांना जाऊ दे, जशी त्यांनी पाहिली तशीच. या घरातलं मला तेवढंच वाचवायचं होतं.

दिवाळीच्या आधी वहिनींनी कपाटाची किल्ली मागितली. खालच्या खणात पितळी समया होत्या, त्या घासून देते म्हणाल्या. मी किल्ली दिली आणि डोळे मिटून पडले. मागच्या मोरीतून काथ्याचा आवाज येऊ लागला. चिंच, मीठ, राख, आपल्याकडे पितळ असंच उजळतात. समई दगडावर टेकली की घुमायची. मग एक आवाज आला तो घुमला नाही. बद्द.

डोळे उघडून कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळीवर एक जागा रिकामी होती.

मी हाक मारली. समोर इमारतीवर ड्रिल चालू होतं. पुन्हा मारली, जोराने. काथ्या चालूच. पाय खाली सोडायला गेले तर कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. वॉकर भिंतीशी. मी पलंगाची कड धरून पडून राहिले आणि त्या घासण्याचा प्रत्येक फेरा ऐकत राहिले. बिदरी दसऱ्याला फक्त मलमलीने पुसायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, एवढंच तिचं न्हाण. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे, बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने मुद्दाम चढवलेला असतो. आंबट लागलं की गेला.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "बगा म्याडम, कसं निगालं! लई काजळी धरली व्हती."

फुलदाणी पत्र्याच्या बादलीसारखी करडी झाली होती. मी चादरीने डोळे टिपले.

"त्वांड का आसं केलंत? आवाडलं न्हाई व्हय?"

मी सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "आमच्या सासूनं काळी काळी म्हनून जलमभर मला बोल लावला, आन तुमी काळ्यासाठी रडताय!" मला हसू आलं आणि मग पुन्हा रडूही आलं. त्याही रडल्या. "पोरांना सांगा, म्या घासली म्हनून. तुमच्यावर न्हाई यायला पायजे."

त्या गेल्या, बाहेरून कुलूप लागलं. फुलदाणी मांडीवर घेऊन मी सवयीने आधी उलटी केली, मग सरळ केली. गळा जिथे पोटाला मिळतो तिथे एक बारीक गोल रेघ होती. रेघेच्या खालचा करडा गडद, वरचा फिका. दोन वेगळे धातू, वेगळ्या हातांचे. वेलीची वरची पानंही खालच्यांपेक्षा जाड. जोड होता. हुक्क्याचाच बुधला होता. आजोबांचं बरोबर होतं, आणि हे सांगायला खोलीत कोणी नव्हतं.

बाबा म्हणाले, बिदरला पाठवून परत काळी करून घेऊ. मी नको म्हटलं. काळं चढलं की जोड पुन्हा झाकला जाईल आणि तुम्ही तिला माझ्यासारखंच सलग समजाल.

आज खोकं बांधायला माणूस येणार आहे. दाराला कुलूप आहे, वहिनी उघडतील. टॉर्च मारलीत तर आता फुलं तरंगणार नाहीत. त्यापेक्षा डोळे मिटून बोट फिरवा, ती किंचित उंच लागतात. मी एकेक करून चाचपून पाहिली आहेत. काळा रंग गेला. चांदी सगळी जागेवर आहे.