भागोजीने तुर्कस्तानात केलेल्या अकरा भवान्या

शाळेच्या स्मरणिकेसाठी भागोजीवर दोन पानं लिहा, असं करुणाबाईंनी मला सांगितलं. त्या आता आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. बत्तीस वर्षं मी मुलांना निबंध लिहायला सांगितले, स्वतः एकही लिहिला नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" हे खरं आहे. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर बाईंनी काढून टाकावं.

भागोजी आमच्या शाळेचा शिपाई होता. सातवीपर्यंत शिकला, मुंबईला गिरगावात एका खाणावळीत चार वर्षं कांदे कापले, वडील गेले तेव्हा परत आला आणि शाळेत लागला. घंटा त्याची, पाण्याचं पिंप त्याचं आणि नकाशेही त्याचेच. भूगोलाचा तास माझा असे. मी वर्गात शिरायच्या आधी भागोजी जगाचा नकाशा खिळ्याला लावून ठेवी. तास संपला की गुंडाळून, नाडी बांधून, कपाटात. मी छडी टेकवून मुलांना सांगे, हा भूमध्य समुद्र, हे तुर्कस्तान. भागोजी दाराशी उभा राहून ऐके. एकदा त्याने विचारलंही होतं, "गुरुजी, तिथं बाजार भरत असेल?" मी म्हणालो, "माणसं आहेत म्हणजे बाजार असणारच." मुलं हसली होती.

बाजार हा त्याचा जीव. आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी आम्ही दोघं बरोबर जायचो. घ्यायचं थोडंच असे. भागोजीला चाखायची हौस. सोडे, आमसुलं, काकवी, काजूगर, जे दिसेल त्यातलं चिमूटभर तोंडात टाकी, डोळे मिटून उभा राही आणि मग सांगे, ह्या आमसुलांत गेल्या वर्षीची मिसळलीत. विकणारे चिडत, पण खोटं आहे असं कुणी म्हणत नसे.

मात्र नऊ वाजायच्या आत तो बाजारात पाऊल टाकत नसे. कारण भवानी. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती व्हायच्या आधी एखाद्याने माल चाखला आणि न घेता निघून गेला, तर विकणाऱ्याचा सगळा दिवस वाया जातो असं आमच्याकडे मानतात. सुकी मासळी विकणारी चिमा तर असल्या माणसाला पार बाजाराच्या फाटकापर्यंत शिव्या घालीत जाते. म्हणून भागोजीचा नियम होता, सगळ्यांच्या भवान्या होऊ द्यायच्या, मग चाखायला जायचं. घ्यायचंच असेल तरच लवकर जायचं.

त्याची मुलगी आरोही माझीच विद्यार्थिनी. हुशार. इंजिनियर झाली आणि कंपनीने तिला तुर्कस्तानात इझमीर नावाच्या शहरात पाठवलं. भागोजीची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. ह्या वर्षी आरोहीने बापाला दोन महिने तिकडे बोलावून घेतलं.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही कळत नाही. पण ते वगळलं तर पुढचं कळणार नाही. ही बातमी ऐकून मला आनंद झाला नाही.

अकरा वर्षांपूर्वी मीसुद्धा पासपोर्ट काढला होता. मुलगा म्हणाला होता, बाबा, तुम्हाला एकदा परदेश दाखवतो. त्याचं जमलं नाही, त्याचा दोष नाही. पासपोर्टची पानं कोरी राहिली आणि मुदत संपली. तो अजून माझ्या कपाटात आहे. ज्या देशावर मी बत्तीस वर्षं छडी टेकवली तिथे नकाशा लावणारा माणूस चालला होता. राजापूरच्या एसटीत त्याला बसवून द्यायला मी गेलो, त्याची बॅग वर चढवली, हात हलवला आणि घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "भागोजी तिकडे जेवणार नि पोटात तुमच्या दुखतंय." मी म्हटलं, तसं काही नाही.

दोन महिन्यांनी तो आला. सरळ माझ्याकडे आला, घरीसुद्धा गेला नव्हता. पिशवीतून काचेची बरणी काढली. आत मिठाच्या पाण्यात काळी, सुरकुतलेली फळं. "ऑलिव्ह म्हणतात ह्याला. घ्या, चाखा."

"मला खारट चालत नाही," मी म्हणालो. मला खारट चांगलं चालतं. मी रोज लोणचं खातो, हे त्यालाही माहीत आहे. त्याने बरणी परत पिशवीत ठेवली.

पुढच्या मंगळवारी बाबूच्या चहाच्या टपरीवर भागोजीभोवती ही गर्दी. एरवी लोक मला विचारायचे. पेपरात एखादं नाव आलं की, गुरुजी हा देश कुठे आला? मी सांगायचो. एवढाच काय तो माझा मान. त्या दिवशी माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

भागोजी सांगत होता, "इझमीरपासून गाडीनं दीड तासावर गाव. तिथं पन मंगळवारचाच बाजार. बायका जमिनीवर बसून लाटतायत. लाटणं कसलं, काठीच ती, हातभर लांब! पोळी अशी पातळ की पलीकडचा मानूस दिसंल. आत पाला नि चीज घालून दुमडतात, नि तवा उलटा, घुमटासारखा, त्याच्यावर भाजतात. गोझलेमे म्हणतात."

"पाला कसला?" बाबूने विचारलं.

"कसला सांगू! अंगाला लागला तर खाज सुटते असला. आरोही म्हनली, बाबा खा, शिजला की काय करत नाय. खाल्ला. आपल्या टाकळ्याच्या भाजीचा भाऊच! वर ताक. मीठ घातलेलं, फेस आलेलं. नि एका म्हातारीकडं पीठ होतं, कढत पान्यात कालवून पितात. मी म्हटलं, ही तर आपली कुळथाची पिठी!"

लोक हसत होते. मी चहा पीत होतो. तो कडू लागत होता.

"आनि ऐका. आम्ही पोचलो सात वाजता. आरोहीला काय सांगायचं, नऊपर्यंत गाडीत बस म्हणून? पहिल्याच दुकानात बायनं सुरीच्या टोकावर ऑलिव्ह पुढं केलं. मी न विचारता तोंडात टाकलं. टाकलं नि आठवलं, अरे, हिची भवानी झाली नसंल! म्हणून पाव किलो घेतलं. पुढच्यानं पन पुढं केलं. नको म्हटलं तर त्याचं तोंड उतरलं. खाल्लं. घेतलं. असे अकरा जन! घरी आलो तर आरोहीचा फ्रिज ऑलिव्हनं भरलेला. पोरगी डोक्याला हात लावून बसली."

चिमा टोपली सोडून ऐकायला आली होती. "बरा केलास! पन त्यांना काय भवानीचा कळनार?"

"कळतं गो चिमे! पहिल्या बायनं माझी नोट घेतली, अशी हनुवटीला लावली, कायतरी पुटपुटली नि मगच पिशवीत टाकली. तू कपाळाला लावतेस ना, तश्शी!"

चिमाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू तिची कुणी बहीण तिकडे सापडली. आणि मला ते सहन झालं नाही. इतकं जुळतं कसं? मी आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

"भागोजी, भवानी ही आपल्याकडची पद्धत. तिकडचा धर्म वेगळा, रीत वेगळी. तिने नोट खरी आहे का बघितली असेल. तू इथलं तिकडे नेऊन चिकटवतोयस."

मागून कुणीतरी म्हणालं, "भागोजी, खरा सांग, तुर्कस्तानात गेलेलास की इथंच लांज्याला?" सगळे खो खो हसले. चिमा टोपलीकडे परत गेली.

भागोजी माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "असेल गुरुजी. तुमाला जास्ती म्हायती." चहा अर्धा ठेवून तो उठला.

त्यानंतर दोन मंगळवार तो बाजारात आला नाही. मी एकटाच गेलो. लोक पुन्हा मला विचारू लागले. सुख झालं नाही.

मग करुणाबाई घरी आल्या. शाळेच्या वर्धापनदिनी मुलांसमोर तुर्कस्तानच्या बाजारांविषयी बोलायला त्यांनी भागोजीला बोलावलं होतं. शाळेचा शिपाई शाळेत पाहुणा म्हणून येणार होता. आधी तो हो म्हणाला होता. आता म्हणतो, "मला नीट काय कळलं नाय तिथलं. गुरुजींना बोलवा." बाई म्हणाल्या, "तुम्ही समजवा ना त्यांना." मी बघतो म्हणालो आणि काही केलं नाही.

चार दिवसांनी आरोहीचा फोन आला. "गुरुजी, बाबांना काय झालंय? बाजाराचं काढलं की फोन ठेवतात." मी अडखळत भवानीचा विषय काढला. ती हसायलाच लागली. "अहो, आहे ना इथे! सिफ्ताह म्हणतात. पहिल्या विक्रीची नोट हनुवटीला लावतात, बरकत यावी म्हणून. थांबा, पाठवते."

मोबाईलवर चित्रफीत आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक म्हातारी. समोर भागोजी, माझा जुना स्वेटर घालून. तिकडे थंडी असते म्हणून मीच दिला होता. म्हातारीने नोट घेतली, हनुवटीला लावली, काहीतरी म्हणाली. भागोजीने तिला हात जोडले. तिने त्याच्या मुठीत वर आणखी चार ऑलिव्ह कोंबली. इतक्या खुशीत मी त्याला क्वचितच पाहिलं असेल.

मी ती चित्रफीत कितीदा पाहिली ते सांगत नाही. ती माझ्याकडेच आली होती. भागोजीकडे साधा फोन, त्यात असलं काही दिसत नाही. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आणि मी तीन दिवस गप्प राहिलो. ते तीन दिवस मला चांगले आठवतात.

मंगळवारी सकाळी भागोजीच्या दारात गेलो. "चल बाजारात."

"इतक्या लवकर? अजून भवान्या व्हायच्या हायत."

"आज घ्यायचं आहे," मी म्हणालो.

चिमा नुकती टोपल्या लावत होती. मी सोडे चाखले, तिने सांगितले तेवढ्याला घेतले. तिने नोट कपाळाला लावली. तिथेच मी मोबाईल तिच्यासमोर धरला. चार माणसं डोकावली, मग दहा. चारचौघांत चूक कबूल करायची मला सवय नाही. "त्या दिवशी मी चुकीचं बोललो," मी म्हटलं. "भागोजीचं खरं होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी बोललो. तो तिकडे गेला आणि मी नाही, ह्याचं मला वाईट वाटत होतं."

चिमा मोबाईलमधल्या म्हातारीला निरखत म्हणाली, "बाई चांगली दिसते. ह्या गुर्जीला काय करायचा रे भागोजी?"

"काय करायचा! स्वेटर त्यांचा हाय," भागोजी म्हणाला. "तो परत दिला नाय अजून."

वर्धापनदिनी नवा शिपाई जेवणाच्या गडबडीत होता. जगाचा नकाशा मी कपाटातून काढला, नाडी सोडली आणि स्टुलावर चढून खिळ्याला लावला. बत्तीस वर्षांत हे काम मी एकदाही केलेलं नव्हतं. खिळा वाटतो त्यापेक्षा उंच आहे. भागोजी खुर्चीवरून अर्धा उठला. मी त्याला बसायला सांगितलं.

तो बोलला आणि मुलं ऐकत राहिली. माझ्या तासाला ती एवढी शांत कधीच नव्हती. मला पुन्हा टपरीवर वाटलं होतं तसंच वाटलं. ते गेलेलं नाही. "तर ह्या इथं," म्हणून त्याने छडी टेकवली ती इझमीरच्या पश्चिमेला, निळ्या समुद्रात. माझी जीभ वळवळली. मी स्टुलावर बसून राहिलो.

शेवटी त्याने ती ऑलिव्हची बरणी फिरवली. बहुतेक मुलांनी तोंड वाकडं केलं, दोघांनी मैदानात जाऊन थुंकलं. बरणी माझ्यापर्यंत आली तेव्हा भागोजी खिडकीबाहेर बघत होता, मुद्दामच. मी एक घेतलं. खारट, थोडं कडवट, नंतर बराच वेळ तोंडात राहणारं.

मला आवडलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.