बकरं शेतात, दावं बाजारात

परभणी जिल्ह्यात बकऱ्यांचे व्यापारी पुष्कळ असतील, पण बकरं न दाखवता बकरं विकणारा माणूस देवानं एकच घडवला आणि तो नेमका आमच्या वाट्याला दिला. आईच्या माहेरच्या गावचे म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. सोनपेठच्या बाजारात मात्र त्यांना सगळे 'दावेवाले' म्हणूनच ओळखतात. बाजाराच्या दिवशी बाकीचे लोक बोकडांना ओढत, ढकलत, शिव्या घालत आणतात. मामा येतात ते खांद्यावर नुसती दावी टाकून, पांढरीशुभ्र टोपी घालून, वरातीला आल्यासारखे. लिंबाखाली बसतात आणि एकेक दावं समोर मांडतात. प्रत्येक दाव्याला चिंधी बांधलेली आणि गाठी मारलेल्या. लाल चिंधी म्हणजे बोकड, हिरवी म्हणजे शेळी, आणि जितक्या गाठी तितके दात, म्हणजे तेवढं वय. जनावर तिकडं लांब कुणाच्या तरी शेतात, मामींच्या नजरेखाली, निवांत पाला खात असतं. गिऱ्हाइकानं दावं उचलायचं, भाव ठरवायचा, दावं घेऊन शेत गाठायचं. मामी चिंधी बघतात, गाठी चाचपतात आणि त्याच दाव्याला तेच बकरं बांधून देतात. "पाठ दाबून बघितल्याबिगर बकरं कसं घ्यावं हो?" असं एक नवखा गिऱ्हाईक कुरकुरला, तर मामांनी शांतपणे दावं पुढं केलं. "हे दाबून बघा. ह्येच्यात खोट निघाली तर बकऱ्यात निघंल." त्या माणसानं खरंच दावं दाबून बघितलं, मान हलवली आणि बकरं घेतलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, याची कथा आई पदर तोंडाला लावून सांगते. तरुणपणी एकदा व्यापाऱ्यांच्या आग्रहाखातर मामांनी एक दांडगा बोकड बाजारात आणला. दहाजणांनी त्याची पाठ दाबली, आठजणांनी तोंड उघडून दात मोजले, कुणी शेपटी धरली. बोकड बिचारा सोसून सोसून थकला आणि शेवटी उधळला तो थेट बांगड्यांच्या दुकानात. बांगडीवालीनं जो आवाज लावला तो म्हणे गोदावरीच्या पलीकडं ऐकू गेला. त्या दिवशी मामांनी कानाला खडा लावला. "ज्येला बघायचं त्येनं जागेवर जाऊन बघावं. माल हाय तिथंच बरा. मधल्यानं हात लावला की नुसकान ठरल्यालं."

पण खरी मौज पुढं आहे. मामा बकरं विकतात, दावं विकत नाहीत. तसं आमच्याकडं कुणीच दावं जनावराबरोबर देत नाही, घरची बरकत जाते म्हणतात. पण बाकीचे लोक तिथल्या तिथं दावं सोडून घेतात. मामा दावं बकऱ्याबरोबर घरपोच जाऊ देतात आणि पुढच्या बाजारी परत मागतात. "दावं म्हंजे अमानत," हा त्यांचा कायदा. नवं दावं ते वळत नाहीत. वडिलांच्या हातची जी आहेत तेवढीच. एक परत आलं की कळपातल्या दुसऱ्या जनावराच्या नावानं त्याला नवी चिंधी लागते. त्यामुळं दावं आलं नाही की मामांचा जीव कासावीस होतो. एकदा एका दाव्यासाठी ते एसटीनं गंगाखेडला गेले. तिकीटच दाव्याच्या किमतीपेक्षा जास्त झालं असेल. गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होतं. मामांना पाव्हणा समजून लोकांनी पंगतीत बसवलं. मामा पोटभर जेवले, हात धुतला आणि मग पाहतात तो आपलं दावं मांडवाच्या खांबाला बांधलेलं. त्यांनी कुणाला न विचारता ते सोडलं आणि मांडव कलायला लागला तसा खांब मिठी मारून धरला. दुसरी दोरी येईपर्यंत, सगळी मंगलाष्टकं होईतो, हा माणूस तिथंच उभा! नवरदेवाच्या प्रत्येक फोटोत मागं खांबाला बिलगलेले मामा आहेत. घरी येऊन मामींना म्हणाले, "जेवण लय झकास होतं."

मी या सगळ्याला पोट धरून हसत असे, कारण मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी प्रोग्राम लिहिते. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या हातापाया पडून गावाकडून काम करायची परवानगी काढली. आईला मी पुण्याला नेऊन पाहिलं होतं. महिनाभर ती गॅलरीत बसून खालच्या गाड्यांकडं बघत राहिली आणि जेवण अर्ध्यावर आलं. मग मीच इकडं आले. साहेबांनी परवानगी दिली ती अटीवर: कामात खोळंबा झाला की बाडबिस्तरा उचलून परत पुण्याला.

एक दिवस मामांनी विचारलं, "दिवसभर त्या डब्यात बघून करतीस तरी काय, माय?" मी म्हटलं, सांगून टाकावं. नेटवर्कवरून माल, म्हणजे माहिती, पुडक्यापुडक्यांनी येतो, त्याला आम्ही पॅकेट म्हणतो. आधी प्रत्येक पॅकेट मशीनच्या मुख्य मेमरीत उतरायचं, तिथून उचलून परत गणितं करणाऱ्या कार्डाच्या मेमरीत टाकायचं. म्हणजे परभणीहून सोनपेठला यायला आधी नांदेडला जाऊन यावं तसं. आता माल थेट कार्डाच्या मेमरीत उतरतो. आमच्या प्रोग्रामच्या हाती नुसती चिठ्ठी येते: कुठून आला आणि कुठं ठेवलाय. माल उघडून बघायचा नाही. बघायला गेलं की मशीन आडवं पडतं. काम झालं की चिठ्ठी परत करायची, म्हणजे ती जागा पुढच्या मालाला मोकळी होते. मामा ऐकता ऐकता सुपारी कातरायचे थांबले. "म्हंजे माझाच धंदा करायलीस की!" म्हणाले आणि हसत हसत निघून गेले. मला मात्र थोडा रागच आला. एवढं शिकून बकऱ्याचा धंदा!

आणि मग तोच प्रोग्राम माझ्या मुळावर उठला. चार-पाच तास छान चालायचा आणि मग गप्प. चूक दाखवत नाही, मशीन पडत नाही, नुसता माल यायचा बंद. बंद करून सुरू केला की परत चार तास शहाण्यासारखा. आठवडाभर मी त्याच्यापुढं डोकं फोडलं. बुधवारी साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर सोमवारपासून इकडंच या, सगळे मिळून बसू." आई भाकरी थापत बसली होती. पण तिचे हात थांबले होते. मला रडू आलं ते तिथून आत गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. खांदा रिकामा. बाजाराचा दिवस आणि खांद्यावर एक दावं नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ओसरीवर बसले आणि सुस्कारा टाकला. "धंदा बसला बघ. कळपात बकरी हायती, गिऱ्हाईक हाय, पर दावंच न्हाई. समदी बाहेर."

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "मग ज्यांनी बकरी नेली त्यांच्याकडून आणा की. मांडव धरून उभे राहता, तेव्हा बरं जमतं!"

"अगं, ज्यानं बकरं नेलं त्येचं दावं येतंच. आज न्हाई तर उद्या. त्येचं काय न्हाई." मामांनी पान जुळवलं. "ज्यानं नेलंच न्हाई त्येची पंचाईत हाय. दावं उचलतो, जबान देतो, आन् मधीच सौदा मोडतो. बकरं नेत न्हाई, सांगावा धाडत न्हाई. दावं खुंटीला. त्येला वाटतं, आपण कुठं काय घेतलंय? हिकडं बकरं अडकलं, दावं अडकलं. असं एकेक करून समदी गेली."

मी म्हटलं, "मामा, परत एकदा सांगा."

"काय सांगू? सौदा पुरा झाला की दावं परत आणायची रीत समद्यांना ठावं हाय. मोडला तर आणायची रीत कुणी घातलीच न्हाई. माझीच चुकी."

माझीच चुकी! मी चहाचा कप तिथंच टाकून आत पळाले. माझा प्रोग्राम पूर्ण झालेल्या कामांच्या चिठ्ठ्या इमानदारीनं परत करत होता. पण माल पाठवणाऱ्यानं मधेच जोडणी तोडली तर माल कार्डात पडून आणि चिठ्ठी आमच्या खिशात, अशी गत. एकेक करत चार तासांत कार्डाची सगळी जागा अडायची. दुपारपर्यंत मी तेवढी रीत घालून दिली आणि प्रोग्राम सुरू केला. चार तास गेले, सहा गेले, शुक्रवारी सकाळीही तो चालूच होता. साहेब म्हणाले, "कसं सापडलं?" मी म्हटलं, "आमच्या मामांनी सांगितलं." ते म्हणाले, "कुठल्या कंपनीत असतात?" आई बाहेरून सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या आणि पहिली मामांच्या पानात वाढली.

मामांनीही सौदा मोडणाऱ्यांच्या दारोदार जाऊन आपली दावी सोडवून आणली. उपकार कसे फेडावेत कळेना, म्हणून मी मामांकडून एक पिल्लू घेतलं. हिरवी चिंधी, गाठ नाही, कारण अजून पक्के दातच लागले नव्हते. दावं घेऊन ऐटीत घरी आले तर आईनं दारातच अडवलं. "माझा कढीपत्ता खाईल. ते तिकडंच राहू दे." झालं! दावं माझ्या टेबलाजवळच्या खिळ्याला आणि शेळी मामांच्या कळपात. ज्या माणसावर मामा वैतागत होते, तो माणूस आता मीच. दर बाजाराला ते दारात येऊन गरजायचे, "बकरं नेतीस का दावं देतीस?"

औंदा मामांचे गुडघे गेले. कळपामागं हिंडवत नाही. एकेक करून त्यांनी सगळी जनावरं विकली. माझ्याकडचं सोडून दावी सगळी परत आली, आणि ती त्यांनी धुऊन, वाळवून भिंतीला टांगली. राहिली फक्त माझी शेळी. मामी सांगत होत्या, कितीजण मागून गेले, पण हे म्हणतात, "दावं तिच्याकडं हाय. जबान दिलीया. कसं इकावं?" तेवढ्या एका शेळीसाठी ते रोज सकाळी टोपी घालून काठी टेकत बांधापर्यंत जातात, लिंबाचा पाला पाडतात, तिच्याशी तासभर भांडतात आणि भूक लागली म्हणत घरी येतात. ज्या दिवशी तिला बरं नव्हतं त्या दिवशी मामा अंथरुणातून उठलेच नाहीत, असंही मामी म्हणाल्या.

माझ्या प्रोग्रामात कुणी अशी एक चिठ्ठी दाबून ठेवली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण ते दावं मी खिळ्यावरून काढत नाही. कढीपत्त्याभोवती आईनं केव्हाच कुंपण घातलंय, ती शेळीला नको म्हणत नाही. मीच तिला आणत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी मामा आले, दारात टेकले, खिळ्याकडं बघितलं. "माय, बकरं नेतीस का दावं देतीस?"

"पुढच्या बाजारी देते, मामा."

"लय बेइमान हायस," मामा म्हणाले. गालातल्या गालात हसत होते. मग काठी टेकून उठले आणि घाईनं निघाले, कारण शेळीला सोडायची वेळ झाली होती.