हिल्डाबाईंचं फिनाईल

पेशंट बाकावरून उठला की हिल्डाबाई त्या जागेवर फिनाईल शिंपडायच्या. तो दारातून बाहेर पडेपर्यंत थांबावं, एवढाही धीर त्यांना नसे. माणूस चपला पायात सरकवत असायचा, सहज वळून बघायचा, आणि पांढरे केस मागे घट्ट बांधलेली ही सत्तरीची गोरी बाई तो बसला होता नेमकी तीच जागा फडक्यानं घासत असायची. पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि मला किळस आली. मी नर्स आहे. पू, रक्त, ओकारी यांचं मला काही वाटत नाही. मला शिसारी येते ती माणसांच्या वागण्याची, आणि हिल्डाबाईंनी ती मला रोज सकाळी नेमानं आणली.

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून, मिशनचा एक जुना दवाखाना आहे. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली मी नोकरीपायी तिथं जाऊन पडले, आणि त्याच वर्षी हिल्डाबाई आणि त्यांचे यजमान योहानसाहेब दूरच्या एका थंड देशातून तिथं सेवेला आले. दोघंही निवृत्त. मुलं-नातवंडं तिकडे, आणि इकडचा सगळा खर्च त्यांच्या गावातली चर्चची मंडळी करायची. बाईंनी उभं आयुष्य एका मोठ्या इस्पितळाची साफसफाई सांभाळली होती. साहेबांचा हात यंत्रांवर चालायचा, त्यामुळे आमचा पंप आणि जीप त्यांच्याकडे गेली. गावानं बाईंचं नाव ठेवलं मोठ्या बाई.

दिवस उजाडायच्या आधी दोघं व्हरांड्यात प्रार्थनेला बसत. मग मनुके घातलेली ओटची पेज, उकळून गार केलेलं पाणी, आणि आठाच्या ठोक्याला दवाखाना. दुपारी बाई खोलीचं दार लावून झोपत आणि साहेब जीपखाली आडवे होत. चार वाजता बिनदुधाचा चहा. शुक्रवारी संध्याकाळी साहेब दवाखान्याच्या भिंतीवर चादर बांधत, त्यावर प्रोजेक्टर लावत आणि छपरावरच्या डिशच्या इंटरनेटवर तिकडच्या मंडळींना लॅपटॉपवरून आठवडाभराचे फोटो दाखवत. कुणाचा सुजलेला पाय, कुणाचं वाळकं पोर, चुलीपुढं खोकणारी म्हातारी. साहेबांना मराठीतला एकच शब्द नीट येत होता आणि तो ते सगळ्यावर वापरायचे. पायाची जखम बघून म्हणायचे, "सुंदर." वरण खाऊन म्हणायचे, "सुंदर." मोबाईल समोर धरून, डोळे ओले करून ते हा शब्द उच्चारायचे तेव्हा त्यांच्या हातातून तो फोन हिसकावून विहिरीत टाकावासा वाटे.

हिल्डाबाई मात्र पुस्तकावरून शिकलेलं मराठी बोलायच्या. लहान पोरालासुद्धा आपण म्हणत. जवळच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली एक बाई मासळीची टोपली घेऊन दवाखान्यात शिरली, तर तिला म्हणाल्या, "कृपया आपण टोपली बाहेर ठेवावी. या जागेला वास येतो आहे." त्या सगळ्याचा वास घ्यायच्या. ताट, पेला, टॉवेल, पोरांचे केस. आणि वास घेऊन झाला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाण ही सवय आहे, गरिबी नव्हे." समोरच्याला ते कळलं की नाही याची त्यांना फिकीर नसे. मला कळायचं, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्यातून आणखी राग याचा, की याच बाई जखमा धुवायला बसल्या की बघत राहावं. किडे पडलेला पाय मांडीवर घेऊन चिमट्यानं एकेक किडा काढत. नाक मुरडणं नाही, घाई नाही. म्हातारा कळवळला की थांबत, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत, पुन्हा सुरू करत. मला वाटायचं, चला, आज बाई माणसात आल्या. तेवढ्यात पट्टी बांधून व्हायची, म्हातारा उठायचा आणि बाईंचा हात बाटलीकडे जायचा. त्यांना रोग चालायचा, रोगी चालत नव्हता.

दवाखान्याच्या मागं सिमेंटचं मोठं अंगण आहे. चैत्रात पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, बाया पहाटे जंगलात जाऊन मोहफुलं वेचतात आणि या अंगणात वाळत घालतात. टोल्यावर शेळ्या-डुकरांपासून काही राहत नाही, आणि अंगणाला भिंत आहे. हा रिवाज त्या दोघांच्या कितीतरी आधीचा. त्या वर्षीही अंगण मोहानं भरलं, आणि तो गोड, जड वास दवाखानाभर झाला. बाई नाकाला रुमाल लावून फिरू लागल्या. त्यांच्या लेखी मोह म्हणजे दारू, आणि देवाच्या आवारात दारू वाळत पडली होती. मी सांगितलं, बाई, हे लोक मोह शिजवून खातात, बैलाला घालतात, दुकानात देऊन तेल-मीठ आणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण भोळ्या आहात."

मग मी सुट्टीवर भद्रावतीला गेले. परत आले तर एसटीच्या थांब्यापर्यंत फिनाईलचा वास. बाया जंगलात गेलेल्या असताना बाईंनी सगळा मोह अंगणाच्या कोपऱ्यात ढकलला होता आणि कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्यावर फिनाईल ओतलं होतं. साहेबांनी पंप चालू करून दिला आणि स्वच्छ अंगणाचा फोटो काढला. पांढुरक्या पाण्यात काळपट फुलं तरंगत होती. अन्नावर विष ओतणाऱ्या माणसांबरोबर मी एका छपराखाली राहते, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाया भांडल्या नाहीत. त्यांनी नुसतं येणं बंद केलं. बाक रिकामा, बाटली भरलेली. आठवडा गेला असेल, एका दुपारी टोल्यावरून निरोप आला की सायबाईची सून अडली आहे. सायबाई म्हणजे टोल्यावरची जाणती म्हातारी, अंगणात सगळ्यात जास्त मोह तिचाच होता. मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरात या दोघीच. मी धावत गेले. पोटाला हात लावताच कळलं, बाळ आडवं होतं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती आणि गडचिरोलीला पोचवायला आमच्या जीपशिवाय गाडी नव्हती. टोल्यावर फोनलाही रेंज नव्हती. मी म्हटलं, सायबाई, जीप आणते. ती दारात आडवी उभी राहिली.

"त्या बाईची जीप मले नाई पायजे," ती म्हणाली. "आमी तिच्या बाकावर बसलो, तिनं बाक धुतला. आमचं खाणं ठेवलं, त्याच्यावर फिनेल टाकलं. आता सून देऊ तिले?"

मी हात जोडले, ओरडले, बाळ जाईल, पोरगीही जाईल म्हणाले. आत सून ओठ चावून पडली होती. सायबाई वळून वळून आत बघत होती, पण दारातून हलली नाही. शेवटी म्हणाली, "तिले इथी आना. माह्या घरात बसू द्या. मोह खाऊ द्या. मंग घेऊन जाजा."

मी तशीच परत पळाले. बाई चहा घेत होत्या. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही मऊ केला नाही. त्यांनी कप ठेवला आणि उठल्या. साहेब जीप काढेपर्यंत त्या दारात उभ्या राहून दोन्ही हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसत होत्या. बाटली घेतली नाही.

सायबाईनं शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्यांना बसवलं आणि पानाच्या द्रोणात शिजवलेला मोह पुढं ठेवला, त्या सकाळीच वेचलेला. बाईंनी सवयीनं द्रोण नाकाशी नेला. चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी घास घेतला. उमासा आला, तोंडावर हात दाबून त्यांनी तो गिळला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसरा घास घेतला. सायबाई समोर बसून शेवटचं फूल संपेपर्यंत बघत होती. आणि साहेब? साहेब दारात मोबाईल धरून उभे होते. आत पोरगी मरणाच्या दारात, बायको ओकाऱ्या दाबतेय, आणि हा माणूस फोटो काढतोय. एवढी किळस मला आयुष्यात कुणाची आली नाही.

"न्या आता," सायबाई म्हणाली. आम्ही सुनेला उचलून जीपमध्ये घातलं. बाई उठून दाराशी आल्या तेव्हा सायबाईनं लोटा उचलला आणि त्या बसल्या होत्या तिथं पाणी शिंपडलं. हा काही त्या घरचा रिवाज नव्हता. दवाखान्यात वर्षभर जे पाहिलं तेच तिनं केलं, बाईंच्या देखत केलं. बाईंनी वळून पाहिलं.

गडचिरोलीला ऑपरेशन झालं. सून वाचली, मुलगी झाली, तीही वाचली. मला वाटलं बाई आता बदलतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला फिनाईलची बाटली त्यांच्या हातात होती.

शुक्रवार आला. साहेबांनी चादर बांधली. मी औषधं लावत तिथंच होते आणि इंग्रजी मला पुरेसं कळतं. भिंतीवर बाई मोह खात होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं. साहेब भरल्या गळ्यानं तिकडच्या मंडळींना सांगत होते, हिल्डा एका गरीब घरी जेवली, आणि बघा, त्या प्रेमानं तिला रडू आलं. मग मराठीत म्हणाले, "सुंदर." लॅपटॉपमधून टाळ्या आल्या.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि लॅपटॉपसमोर गेल्या. "मी रडत नव्हते," त्या इंग्रजीतच म्हणाल्या. "मला ओकारी येत होती. मी या लोकांचं अन्न नासवलं होतं, म्हणून त्यांनी मला ते खायला लावलं. मी उठल्यावर त्यांनी माझी जागा धुतली. ते बरोबर होतं."

टाळ्या थांबल्या. तिकडून कुणीतरी घसा खाकरला. साहेबांनी लॅपटॉप मिटला.

मंडळींना ते आवडलं नाही, हे महिनाभरात कळलं. दोघांना मुदतीआधी परत बोलावलं. साहेब सामान बांधताना प्रत्येकाला सांगत होते की तब्येतीचं कारण आहे. बाई कुणाला काही सांगत नव्हत्या.

निघायच्या दिवशी जीपला वेळ होता. बाई आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या बाकावर बसल्या. मला त्यांची चीड होती, ती अजून आहे, मोहाच्या दिवसांत तर जास्तच येते. त्या शुक्रवारी त्या खरं बोलल्या, तेही मला विसरता येत नाही. असं माणूस एकदाचं नीट आवडतही नाही आणि सुटतही नाही, याचाही वैताग आहे.

साहेबांनी हॉर्न दिला. बाई उठल्या, खिडकीतली बाटली घेतली, आणि स्वतः जिथं बसल्या होत्या त्या जागेवर फिनाईल शिंपडलं. फडक्यानं ती जागा नीट पुसली. मग बाटली माझ्या हातात दिली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.