पुस्तकातला बाण आणि तुरीचा भाव

एका पुस्तकावर तीन माणसं शिकायला बसली की विद्या तिघांत वाटली जाते, आणि गोंधळाला मात्र तिनानं गुणावं लागतं! किस्से असेच साचत गेले. तिघं म्हणजे राज्यशास्त्रात एम.ए. झाल्यावर कॉम्प्युटरकडे वळलेला मी. अमरावतीत झेरॉक्सचं दुकान चालवणारे शकीलभाई, तिथंच आमचा वर्ग भरायचा. आणि गणिताचे निवृत्त मास्तर वानखडे सर.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ, अकोला आणि अमरावतीच्या मधोमध. बाबा तूर एका बाजारात नेत आणि त्या दिवशी भाव नेमका दुसऱ्या बाजारात चढलेला असे. मी ठरवलं, दोन्हीकडचे रोजचे भाव दाखवणारी वेबसाईट काढायची.

बाबा म्हणाले, "अकोल्यात तुया मामा हाये ना. त्यालेच फोन लावीन मी!"

"तुमाले एकट्याले कळून काय फायदा? सगळ्याईले कळलं पाह्यजे!"

"बरं. तूर घरात येईपर्यंत कर. नाई झालं तं गुपचूप बी.एड.ले जाय."

*

वेबसाईट बनवायला शिकवणारं पुस्तक इंग्रजी, जुन्या बाजारातलं. शकीलभाई वाचून दाखवत, मी टाईप करी. पुस्तकात कोडच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला आकडा छापलेला होता. आम्ही तोही टाईप केला. कॉम्प्युटरवर पान उघडलं, तर मजकुरात जिथं तिथं आकडे घुसलेले!

मी वैतागलो. "शकीलभाई, हे आकडे नसतील टाकायचे."

"अरे, किताब में छपा है. लिखनेवाला क्या पागल है?"

*

पुढच्या धड्यात एक वाकडा बाण आला. ओळ पानात मावली नाही की पुस्तकवाले तो छापतात, हे कुठं माहीत! कीबोर्डवर तसला बाण सापडेना. आम्ही पुस्तक घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. "हा बाण असलेला कीबोर्ड दाखवा."

दुकानदारानं पुस्तक उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "असा माल येत नाही."

बाहेर येऊन शकीलभाई शांतपणे म्हणाले, "अमरावती में नहीं मिलेगा. अकोला में देखेंगे!"

*

लोडशेडिंग तर रोजचंच. सर म्हणाले, "लाईट नाही म्हणून अभ्यास बंद? मी ब्राउझर होतो. तुम्ही कोड वाचा, पान मी काढतो."

आम्ही वाचायचो, सर खडूनं फळ्यावर पान काढायचे. एखादा कंस विसरला की हाताची घडी घालून गप्प उभे!

"सर, काय झालं?"

"हँग झालो."

एकदा मधेच लाईट आली. आम्ही कॉम्प्युटरकडे धावलो. मागून सर गरजले, "थांबा! माझं पान अजून लोड होऊन राहिलं!"

*

एकदाचं पहिलं पान जमलं. आमच्या कॉम्प्युटरवर पानाच्या वर दिसणारा, C: नं सुरू होणारा पत्ता मी बाबांना फोनवर लिहून घ्यायला लावला, मूर्तिजापूरच्या कॅफेत जाऊन पाहा म्हटलं. तासाभरात त्यांचा फोन.

"काऊन रे, ह्या पत्त्यानं काईच नाई दिसत. कॅफेवाला पोट्टा हासून राह्यला. तो म्हणते, काका, तुमच्या पोराचं इंटरनेट त्याच्याच टेबलावर हाये!"

*

तूर काढणीला आली तेव्हा साईट खरोखर सुरू झाली! मामा अकोल्याच्या बाजारात बारदाना, म्हणजे रिकामी पोती विकतो. सकाळी तो एका अडत्याला तुरीचा भाव विचारून मला फोन करी, अमरावतीचा भाव सर आणत, मी दोन्ही टाकत असे. मामा सांगायचा, "आता इथले अडतेही तुयी साईट पाह्यतेत." मी हवेत! क्रांती आणखी वेगळी काय असते?

मग आमची तूर घरात आली. सकाळीच बाबांचा फोन, "ट्रॉली भरून फाट्यावर उभा हावो. तुया सायटीवर अकोल्याचा भाव नाई. कुठं वळू? अकोला का अमरावती?"

"पाच मिनिटं थांबा बाबा. मामाचा फोन आला की टाकतोच."

मामाचा फोन येईना. शकीलभाई उगाच पुन्हा पुन्हा पान उघडून पाहत होते. बाबांचे आणखी दोन फोन झाले, दुसऱ्यात नुसतं "बी.एड." एवढंच ऐकू आलं. शेवटी मीच मामाला लावला.

"मामा, भाव काहून नाई सांगितला?"

"कसा सांगू बाप्पा? अडत्याले कवाचा विचारून राह्यलो. तो म्हणते, थांब ना भाऊ, सायटीवर अजून आला नाई!"