चौथं नाव

माझी भीती साधी होती. बाळ गेलं आणि त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलेलं नसलं, तर मेल्यावरही ते मला सापडणार नाही. चर्चमध्ये आता असं काही शिकवत नाहीत, उलट देवावर भरवसा ठेवा म्हणतात. पण लहानपणी घरात ऐकलेलं हाडात मुरलेलं असतं. एरवी मी भांडखोर बाई, फादरांशीसुद्धा वाद घालते. त्या दुपारी मात्र पोटाचे टाके सांभाळत पलंगावर पडले होते आणि भीतीनं पार गळाठून गेले होते.

बाळ माझ्याजवळ नव्हतंच. आठव्या महिन्यात आलं, रडलं नाही, निळं पडलं. त्याला लगेच गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. मी इकडे, ते तिकडे. नवरा रक्ताच्या पिशवीसाठी गावभर फिरत होता. पेटीपाशी होत्या सासूबाई.

माझं सासर हिंदू, मळेवाल्यांचं. शहराबाहेर त्यांचा भाजीचा आणि झेंडूचा मळा आहे. आमचं लग्न दोन्ही घरांनी नाकं मुरडतच लावून दिलं, पण पोराचं आधीच ठरलं होतं, बाप्तिस्माही होईल आणि बारसंही होईल. त्यावर कोणाची हरकत नव्हती. पण डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघाला तर बघू.

मी फादरांना फोन लावला. ते नांदगावला कोणाच्या तरी अंत्यविधीला गेले होते.

"निघतो मी, पण पोचायला संध्याकाळ होईल. तोवर थांबू नका. अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तिथं कोण आहे?"

"सासूबाई. त्या हिंदू आहेत, फादर."

"चालेल. चर्च जे करतं तेच मी करतेय, एवढं त्यांच्या मनात असलं की झालं. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, नुसता ओला बोळा फिरवून भागणार नाही. आणि तिन्ही नावं आली पाहिजेत. कमी नको, जास्त नको."

मग सासूबाईंना फोन केला. आत फोन नेऊ देत नव्हते. म्हणजे त्या दाराबाहेर उभ्या राहून माझ्याकडून शब्द पाठ करणार आणि एकट्या आत जाणार. मी सांगितलं, "म्हणायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करते."

त्या म्हणाल्या, "तीन नावं? तीन नको बाई. तीन तिगाडा, काम बिगाडा."

हे मी विसरलेच होते. त्यांच्या घरात ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. तिघं मिळून शुभकामाला निघत नाहीत, निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घेतात. लग्न ठरवायला ही मंडळी आमच्याकडे आली तेव्हा त्या खड्यावरून मी पोट धरून हसले होते.

"तुमचे देव तीन हायेत का?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे."

"मग एकाचंच नाव घेते."

"नाही, तिन्ही घ्यायची. पिता वेगळा, पुत्र वेगळा, आत्मा वेगळा. पण देव एकच."

"ते कसं काय?"

आता काय सांगू, कप्पाळ? जन्मभर कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून तिन्ही नावं घेतली होती, आणि ते कसं काय हे मला ठाऊक नव्हतं. धर्मशिक्षणाच्या वर्गातलं एकच आठवलं. हे माणसानं डोकं लढवून शोधलेलं नाही, देवानं स्वतः सांगितलं म्हणून कळलं. एरवी मला ती पळवाट वाटायची. त्या दिवशी तेच घट्ट धरलं.

"आई, ते मला समजावता येत नाही. मी असा आहे, हे त्यानंच सांगितलंय."

"त्यानं सोताच सांगितलंय?"

"हो."

"मग घेते तीन. पण संगं चौथं काय तरी लागंल. लेकराला धक्का लागाया नको."

"चौथं काही घालायचं नाही, तुमच्या पाया पडते. चौथं घातलंत तर चर्च तो बाप्तिस्मा धरणार नाही. आणि बाप्तिस्मा झाला नाही, तर मेल्यावरसुद्धा माझी त्याची गाठ पडायची नाही."

हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. सासूबाई म्हणाल्या, "रडू नको, टाके तुटतील," आणि त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "झालं. शिस्टरनं पिचकारीत पाणी भरून दिलं. पार कानापर्यंत वाहिलं."

"तिन्ही नावं?"

"घेतली."

"आणखी काही नाही ना घेतलं?"

त्या घाईघाईनं म्हणाल्या, "डाक्टर आलेत, ठेवते."

माझा जीव टांगणीला लागला. यांनी चौथं घातलंच, देवीचं नाव घेतलं असणार, याबद्दल मला शंकाच राहिली नाही. संध्याकाळी फादर आले, पण त्यांना पेटीपर्यंत सोडलं नाही. नवऱ्याला सांगावं तर तो आईशी भांडला असता. विचारायची माझी हिंमत होईना, कारण उत्तर हो आलं असतं तर मी करणार काय होते?

बाळ जगलं. वजन धरायला लागलं आणि एक दिवस घरी आलं. मग उरलेला विधी पुरा करायला फादर घरी आले. त्यांनी सासूबाईंना समोर बसवलं. "आजी, त्या दिवशी नक्की काय म्हणालात?"

त्यांनी पदर सावरून सगळं वाक्य म्हणून दाखवलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी विचारलं, "आणि मग?"

"मग चौथं घेतलं."

"कोणाचं?"

"माझं. दुसऱ्याच्या घरात आपली देवी घालून भांडण कशाला? तुमचं सगळं म्हणून झालं, पाणी पडलं, मंग म्हटलं, आन् मी, ह्याची आजी."

फादरांनी पुन्हा विचारून घेतलं की हे पाणी पडल्यावरच म्हटलं ना. मग म्हणाले, "बाप्तिस्मा पक्का आहे. परत करायचा नाही." राहिलेला विधी करून, चहा घेऊन ते गेले.

माझी भीती उतरली आणि राग चढला. सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी जाऊन उभी राहिले. "एवढं पाया पडून सांगितलं होतं, तरी त्या खड्यासारखं चौथं घातलंतच?"

"खड्यापायी नाय," त्या म्हणाल्या. वर बघेनात. "तू म्हणालीस, नाय तर मेल्यावर गाठ पडायची नाय. माझ्यावर कुठं पाणी पडलंय? लय भ्याले मी. म्हटलं, ह्याच्यासंगं माझं नाव लागलेलं असूदे. म्हंजे तिथं कोणी इचारलं, ही कोण, तर ह्याला सांगता येईल."

देवानं काय काय सांगितलंय त्यात अशा आजीचं काय होतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी खाली बसले आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "तुम्ही नसाल तिथं, तर मीपण जाणार नाही."

त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"असं बोलू नाय," त्या म्हणाल्या. "तू जायचं. लेकरापाशी कोणी तरी पायजे."